प्रकाशाची तलवार आणि नळाची नळी

जुन्या नाटकमंडळ्यांच्या पेटाऱ्यांत जी शस्त्रे असत, त्यांत पोलाद क्वचितच असे. फळी तासून केलेली तलवार, तिच्यावर चिकटवलेला बेगड आणि मुठीभोवती गुंडाळलेली जरीची चिंधी, एवढ्या सामग्रीवर रंगमंचावरील लढाया जिंकल्या आणि हरल्या गेल्या. हे लाकूड आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. तरीही दिव्यांच्या उजेडात बेगड चमकला की त्याचे मन लाकूड विसरावयास तयार होई. लटक्या शस्त्राचा इतिहास हा अशा रीतीने दुहेरी असतो. करणाऱ्याच्या हाताशी काय होते, हा त्याचा एक भाग. पाहणाऱ्याने काय मानून घेतले, हा दुसरा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासात एका विलक्षण तलवारीची भर पडली. तिला धातूचे पाते नव्हते. मुठीवरील कळ दाबली की हातभर लांबीचा प्रकाशाचा दांडा बाहेर पडे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागे. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात ती जगाने प्रथम पाहिली. पुढे काही वर्षांतच घराघरांतील मुले आणि मोठी माणसे ही तलवार आपल्या हातांनी घडवू लागली. त्यासाठी त्यांनी जे साहित्य निवडले, ते होते घरात पाणी खेळवण्याची प्लास्टिकची नळी. आकाशगंगांच्या गोष्टीतील शस्त्र आणि न्हाणीघरातील नळी यांची ही गाठ वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. पण मूळ तलवार कशी जन्मली हे पाहिले, म्हणजे त्या हसण्याला फारसा आधार उरत नाही.

‘स्टार वॉर्स’चे बरेचसे चित्रण १९७६ साली इंग्लंडमधील एल्सट्री येथील चित्रपटगृहनिर्मितीच्या आवारात झाले. अंदाजपत्रक सुमारे १.१ कोटी डॉलरचे होते, आणि एका अख्ख्या काल्पनिक विश्वाचे सामान उभे करावयाचे म्हणजे ही रक्कम तोकडीच होती. मंचसजावटीची जबाबदारी रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होती. त्यांनी धोरण ठरवले ते भंगाराचे. जुन्या विमानांची इंजिने आणि टाकाऊ यंत्रांचे सुटे भाग आणावयाचे आणि त्यांतून जहाजे, भिंती व शस्त्रे उभी करावयाची. वस्तू वापरून झिजलेल्या दिसल्या की ते जग खरे वाटेल, हा त्यामागील विचार होता.

नायकाच्या तलवारीची मूठ मात्र काही केल्या जमेना. अखेर लंडनमधील छायाचित्रण साहित्याच्या एका दुकानात ख्रिश्चन यांना धूळ खात पडलेल्या डब्यात चकचकीत धातूच्या काही नळ्या मिळाल्या. त्या अमेरिकेतील ‘ग्राफ्लेक्स’ या नावाच्या, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी १९४० च्या दशकात वापरलेल्या प्रकाशझोताच्या मुठी होत्या. मोठ्या कॅमेऱ्याच्या कडेला ही मूठ जोडीत. आत तीन जाड बॅटऱ्या बसत, वर वाटीसारखा परावर्तक आणि त्यात एकदाच पेटणारा दिवा. वरची वाटी काढून टाकली की हातात राहते ती लाल कळ असलेली, पेलण्यास योग्य अशी धातूची मूठ. ख्रिश्चन यांनी तिला कपाटाच्या सरकत्या दारांसाठी मिळणाऱ्या पट्टीचे तुकडे चिकटवले, म्हणजे पकड आली. मधल्या पट्ट्याच्या खोबणीत खिशातील गणकयंत्राच्या आकड्यांवर असते ती फुगीर काचेची पट्टी बसवली, म्हणजे यंत्राचा भास झाला. कमरेला अडकवण्यासाठी खाली एक कडी लावली. तलवार तयार झाली.

वृद्ध योद्धा ओबी-वान याच्या तलवारीची घडण तर याहून विचित्र होती. छायाचित्रांचा बारकाईने अभ्यास करून हौशी संशोधकांनी तिचे एकेक अंग पुढे ओळखून काढले. त्यात रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘डरवेंट’ या विमानइंजिनातील नळीचा तुकडा आहे. पहिल्या महायुद्धातील, बंदुकीतून फेकावयाच्या ब्रिटिश हातगोळ्याचा भाग आहे. आणि मुठीच्या बुडाशी जे नक्षीदार बोंड दिसते, ते आर्मिटेज शँक्स या न्हाणीघराचे साहित्य करणाऱ्या इंग्रज कंपनीच्या तोटीची चकती आहे. म्हणजे ज्या तलवारीचे जगाने कौतुक केले, तिच्यात नळकाम पहिल्या दिवसापासून होते.

मूठ झाली, पाते कसे करावयाचे हा प्रश्न राहिला. आरंभी हे काम थेट कॅमेऱ्यासमोरच साधण्याचा प्रयत्न झाला. लाकडी दांड्याला, रस्त्यावरील सूचनाफलकांवर असते तसे, आलेला प्रकाश त्याच दिशेने परत पाठवणारे आवरण लावण्यात आले. मुठीत लहान मोटर बसवून दांडा गरगर फिरवला आणि कॅमेऱ्याच्या बाजूने त्यावर प्रकाश टाकला, तर तो झळकून उठे. पण दांडे नाजूक होते, जोराचा आघात त्यांना सोसत नसे. मोटरीच्या तारा नटाच्या बाहीतून न्याव्या लागत. अलेक गिनेस आणि डेव्हिड प्राऊझ यांच्यातील द्वंद्व इतके संथ आणि जपून खेळलेले दिसते, त्याचे एक कारण हे आहे. शिवाय पात्याचे टोक कॅमेऱ्याकडे वळले की झळाळी मावळून जाई, आणि एका दृश्यात तर ही लबाडी उघडी पडली. म्हणून अखेरीस चित्रफितीच्या चौकटी एकामागून एक घेऊन पात्यावर हाताने तेज रंगवण्यात आले. या कामात नेल्सन शिन या कोरियन चित्रकाराचा मोठा वाटा होता. पाते प्रकाशाचे आहे, तर ते स्थिर दिसता कामा नये, नळीदिव्यासारखे किंचित थरथरले पाहिजे, हा आग्रह त्यांचाच.

आवाजाची कथाही अशीच आहे. ध्वनिरचनाकार बेन बर्ट हे विद्यार्थिदशेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपट दाखवण्याच्या यंत्रावर काम करीत. त्या यंत्राची मोटर चालू असता मंद, गोड असा गुंजारव करी. तो त्यांनी आधार म्हणून घेतला. एकदा आवरण तुटलेल्या तारेचा मायक्रोफोन दूरचित्रवाणी संचाजवळून जात असता त्यात खरखरता गुणगुणाट शिरला. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा दोष होता, पण बर्ट यांनी तो जपून ठेवला आणि दोन्ही नाद एकत्र केले. मग हा मिश्र नाद ध्वनिवर्धकातून वाजवीत त्याच्यासमोर दुसरा मायक्रोफोन हाताने फिरवला. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, त्याच नियमाने आवाज उंचसखल झाला, आणि तलवार फिरल्याचा भास कानाला मिळाला. एप्रिल १९७८ मध्ये झालेल्या ऑस्कर समारंभात कलादिग्दर्शन व मंचसजावटीचे पारितोषिक या चित्रपटास मिळाले आणि बर्ट यांचाही विशेष गौरव झाला.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळले पाहिजे. तो धागा म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड हा वायू काचपात्रात उन्हात ठेवला असता पांढरा घन पदार्थ तयार झालेला पाहिला. तो कशात विरघळेना, आणि त्याचा उपयोगही कोणास सुचेना. पुढे अर्धे शतक हा पदार्थ प्रयोगशाळेतील कुतूहलच राहिला. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी त्यात योग्य द्रव मिसळून त्याला मऊपणा आणला आणि त्याच्या व्यापारी आयुष्याला सुरुवात झाली. १९३० च्या दशकात जर्मनीत त्याच्या कठीण प्रकाराच्या पाण्याच्या नळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडी नळाला गंज चढतो, तो जड असतो, त्याला आटे पाडावे लागतात, या साऱ्या कटकटींतून गवंडी आणि नळकारागीर यांची या पांढऱ्या नळीने सुटका केली. ती हलकी, स्वस्त, साध्या करवतीने कापली जाणारी. तिचे जोडही विशेष प्रकारे बसतात. जोडावयाचा द्रव हा नुसता गोंद नसतो. तो दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात, आणि द्रव उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा खेळण्यांचा धंदा गाफील होता. अमेरिकेतील केनर कंपनीला १९७७ च्या नाताळापर्यंत बाहुल्याही तयार करता आल्या नाहीत. तिने पुढे मिळावयाच्या बाहुल्यांची हमी देणारी, आतून रिकामी खोकी विकली. नंतर बाजारात आलेली पहिली प्रकाशतलवार म्हणजे विजेरीच्या टोकाला लावलेली फुगवण्याची नळी होती, आणि ती फुटे. अशा स्थितीत मुलांनी घरातीलच वस्तू उचलल्या. झाडूचे दांडे, भेटवस्तूंच्या कागदाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि अंगणात उरलेल्या पाण्याच्या नळ्या. मुले मोठी झाली, आणि त्यांतील काहींनी हे काम गंभीरपणे हाती घेतले.

नळीची तलवार करणाऱ्याची कृती थोडक्यात अशी. अर्ध्या इंचाच्या नळीचा सुमारे तीन फुटांचा तुकडा हे पाते. जाड नळीचा फूटभर तुकडा ही मूठ. नळीवर छापलेली अक्षरे काचकागदाने घासून काढावयाची. हे घासणे केवळ शोभेसाठी नसते. पीव्हीसीचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की त्याला खडबडीत केल्यावाचून रंग धरत नाही आणि पहिल्याच लढाईत पापुद्रे निघतात. पात्याच्या टोकाला टोपण, मुठीला जोडाच्या कड्या, तोटीत वापरतात त्या रबरी चकत्या, विजेच्या तारांना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी. अशा रीतीने नळकामाच्या दुकानातील एकेक नगाला नवे पद मिळते.

नवशिक्याची फसगत होते ती मापात. नळीचे ‘अर्धा इंच’ हे नाव आहे, माप नव्हे. अमेरिकेतील ‘शेड्यूल ४०’ या प्रमाणाच्या अर्धा इंची नळीचा बाहेरचा व्यास ०.८४ इंच असतो. ती पाऊण इंची नळीत सहज सरकेल असे नावांवरून वाटते. पण पाऊण इंची नळीचा आतला व्यास सुमारे ०.८२ इंच भरतो, आणि केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर फरकाने सारा बेत अडतो. मग एक इंची नळी घ्यावी लागते. तिचा आतला व्यास १.०५ इंच, आणि त्या दोहोंमधील पोकळी पात्यावर चिकटपट्टीचे वेढे देऊन भरावी लागते. हौशी माणूस एखादे कोष्टक वाचण्याआधीच असे धडे हाताने शिकतो, आणि पुढे घरातील गळका नळ दुरुस्त करताना ते त्याच्या कामी येतात.

सुरक्षितपणाचा विचारही येथेच उद्भवतो. कठीण नळी थंडीत ठिसूळ होते, वर्षानुवर्षे उन्हात राहिली की अधिकच. आणि मोडली तर तिच्या कडा धारदार निघतात. तापवून वाकवू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावयाचे ते हे, की सुमारे ८० अंश सेल्सियसला ती मऊ पडते, पण जाळली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर सोडते. मुलांच्या खेळासाठी म्हणून गरम पाण्याच्या नळांवर चढवतात ते स्पंजाचे आवरण पात्यावर बसवून त्यावर रंगीत पट्टी लावण्याची रीत पडली. ही युक्ती एकट्या या चित्रपटाच्या चाहत्यांची नव्हे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगीन युद्धकलेच्या हौशी लोकांनी जी मंडळी स्थापन केली, ती वेताच्या दांड्यांनी लढे. पुढच्या दशकातील अशाच मंडळ्यांनी स्पंज जवळ केला. सरावाचे शस्त्र इजा न करणारे असावे, ही गरज जुनीच आहे. कोल्हापूरच्या तालमींतील फरीगदग्यात गदग्यावर चामडे चढवतात, ते याच गरजेपोटी.

नळीच्या तलवारीची एक उणीव मात्र होती. ती उजळत नसे. पीव्हीसीची भिंत प्रकाश आरपार जाऊ देत नाही, म्हणून पाते रंगवूनच समाधान मानावे लागे. उत्तर मिळाले तेही बांधकामाच्या दुकानातच. कारखान्यात नळीदिवा फुटला तर काचा खाली पडू नयेत म्हणून त्यावर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी चढवतात. ही नळी बळकट, हलकी आणि स्वस्त असल्याने हौशी लोकांनी तिचे पाते केले. प्रकाशाचा प्रश्न विज्ञानाने सोडवला. नायकाची तलवार निळी. आणि अर्धवाहकातून झगझगीत निळा प्रकाश काढणे ही गोष्ट दीर्घकाळ असाध्य मानली जात होती. जपानमधील आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात ती साध्य झाली. त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घराच्या पडवीत बसून निळी प्रकाशतलवार करणाऱ्या माणसाच्या हातात, अशा रीतीने, त्या संशोधनाचे फळ आले.

येथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्सची मूठ, हे गुपित फुटल्यावर चाहत्यांनी जुने बाजार धुंडाळण्यास प्रारंभ केला. किमती चढत गेल्या. मूळ मूठ मिळाली की तिची वाटी फेकून द्यावयाची, आतील जोडणी उपटून काढावयाची, आणि पट्ट्या चिकटवून तिची तलवार करावयाची. जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांना याचे दुःख झाले, आणि ते रास्त होते. ज्या मुठींनी युद्धे, निवडणुका, अपघात आणि विवाह उजळले, ज्यांच्या प्रकाशात एका पिढीच्या वृत्तपत्रांचा इतिहास टिपला गेला, त्या मुठी एका काल्पनिक इतिहासाच्या प्रतिकृतीसाठी नष्ट होऊ लागल्या. खरी वस्तू मोडून खोटी वस्तू ‘अस्सल’ करावयाची, असा हा उलटा व्यवहार होता. ख्रिश्चन यांनी ती मूठ घेतली तेव्हा ती कोणालाही नको होती, म्हणून त्यांचे कृत्य कल्पकतेचे ठरते. तीच कृती, वस्तू दुर्मीळ झाल्यावर, तशी राहत नाही. पुढे कारागिरांनी नव्याने ओतीव प्रतिकृती काढल्या, तेव्हा कोठे हा ओघ काहीसा ओसरला.

मालकीचा प्रश्नही निघाला. ‘स्टार वॉर्स’मधील सैनिकांच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या शिरस्त्राणांवरून चाललेला वाद २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिरस्त्राण हे शिल्प नव्हे, चित्रपट घडवण्याच्या कामी आलेली ती एक उपयोगी वस्तू आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्यामुळे त्या देशात शिल्पाला मिळणारे दीर्घ संरक्षण तिला मिळाले नाही. तथापि अमेरिकेतील हक्कांच्या भंगाचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, हेही त्याच निकालाने सांगितले. कायद्याने येथे मूल्य नाकारलेले नाही. वस्तू शोभेची की कामाची, एवढेच त्याने विचारले, आणि रंगसामानाच्या बाबतीत ‘कामाची’ हे उत्तर दिले. जुन्या नाटकमंडळीतील कोणत्याही सामानवाल्याने हेच उत्तर दिले असते.

दरम्यान या वस्तूंचा मान वाढतच गेला. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ या अवकाशयानातून, मालिकेतील १९८३ च्या चित्रपटात वापरलेली तलवारीची मूठ खरोखरच अंतराळात जाऊन आली. २०१९ साली फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने प्रकाशतलवारीच्या द्वंद्वास स्पर्धेचा प्रकार म्हणून मान्यता दिली. पडद्याबाहेर न बसणाऱ्या तरुणांनी उठून अंग हलवावे, हा त्यामागील एक हेतू होता. या स्पर्धांतील पाते पॉलिकार्बोनेटचे असते. दुकानातील दिव्याच्या आवरणापासून क्रीडांगणापर्यंतचा हा प्रवास काही दशकांत झाला.

मग अस्सल तलवार कोणती? लिलावात लाखो डॉलरना जाते ती, जुनी मूठ मोडून केलेली ती, की नळाच्या नळीची? वस्तूच्या अणुरेणूंनी निर्णय करावयाचा तर पहिलीच अस्सल होय. पण ती घडवण्याची रीत पाहावयाची तर निकाल वेगळा लागतो. मूळ कारागिराने मोल देऊन दुर्मीळ वस्तू आणली नव्हती. त्याने आजूबाजूला पाहिले, कोणाच्याही लेखी नसलेली वस्तू उचलली, आणि तिच्यात तलवार पाहिली. नळीचा तुकडा उचलणारा मुलगा नेमके तेच करतो. त्याच्या कृतीने कोणताही जुना कॅमेरा आंधळा होत नाही, कोणाचा संग्रह उणा होत नाही. मोडली तर दुसरी नळी मिळते.

ओबी-वानच्या मुठीच्या बुडाशी असलेली ती तोटीची चकती चित्रपटात कित्येकदा स्पष्ट दिसते. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली, आणि वर्षानुवर्षे एकालाही तिच्यात नळ दिसला नाही.